अकरा नंबरची खूण

शेषराव तेलगोटे अकोल्याला वीजखात्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होता. साहेबानं पेन्सिलीनं आखलेला नकाशा शाईनं ट्रेसिंगच्या कापडावर उतरवायचा, मग त्यावरून निळ्या प्रती निघायच्या आणि त्या गावोगाव जायच्या. काम कारकुनाच्या वरचं आणि साहेबाच्या खालचं, म्हणजे दोन्हीकडून बोलणी खाण्याच्या जागेवरचं. तरी शेषरावाला त्याचा अभिमान होता आणि तो वाजवी होता. बार्शीटाकळीच्या त्यांच्या वस्तीतून मॅट्रिक झालेला तो पहिला, आणि खुर्चीवर बसून पगार घेणाराही पहिलाच. त्याची रेघ शेवटपर्यंत एका जाडीची येई. कुठं शाई फाकलीच, तर ब्लेडच्या कोपऱ्यानं ती तो अशी अलगद खरवडून काढी, की कापड उजेडात धरलं तरी पत्ता लागू नये.

त्याची मोठी बहीण मैना तिवशाला दिली होती. तिचा नवरा जानराव वानखडे त्याच खात्यात लाइनमन. उंच, काटक आणि बोलण्यात चावट माणूस. खांबावर तो असा चढायचा की खाली उभ्या असलेल्या हेल्परलाच घाम फुटावा. शाळेचं तोंड त्यानं पाहिलेलं नव्हतं. छप्पन साली नवरा-बायको नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, आणि पुढच्या खेपेला शेषराव तिवशाला गेला तेव्हा जानरावानं त्याच्यासमोर एक कोरी पाटी आणून ठेवली.

"साळेबुवा," तो म्हणाला, "मले वाचाले शिकवा. मास्तरापाशी जाची लाज वाटते. तुमी घरचे."

तेव्हा जानराव पस्तिशीला टेकलेला. तारा ओढून राठ झालेल्या त्याच्या बोटांत पेन्सिल मावत नव्हती, पहिल्या दिवशी तीन मोडल्या. महिन्यातून एकदा शनिवारची रजा टाकून शेषराव अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंत गाडीनं आणि पुढं मोटारीनं तिवशाला जाई, आणि रविवारचा सगळा दिवस मेहुण्या-भाऊजींची शाळा भरे. पुस्तकाचा जानरावाला कंटाळा. म्हणून शेषराव त्याला रस्त्यावर घेऊन जाई आणि खांबावरच्या पत्र्यावरचा शब्द वाचायला लावी. पत्र्यावर कवटी आणि हाडं, आणि त्याखाली लाल अक्षरं.

"र... व... त... रा," जानरावानं वाचलं. "रवतरा."

"भाऊजी, ते र आणि व नाही. दोघं मिळून ख होतो."

"खतरा," जानराव म्हणाला, आणि बराच वेळ मान वर करून त्या पत्र्याकडे पाहत राहिला. "इतके साल याच्यावर चढून राह्यलो, अन् हा आपल्याले काय म्हनून राह्यला ते आज समजलं."

दोन वर्षांत तो पोस्टकार्ड वाचू लागला, चार वर्षांत वर्तमानपत्र. पगाराच्या कागदावर मात्र अंगठाच उठत राहिला, कारण नोकरीला लागतानाच्या कागदावर अंगठा होता, आणि तो बदलून सही करायची तर अर्ज करावा लागे. जानरावानं अर्ज दोनदा दिला. कारकुनानं दोन्हीदा तो टेबलाच्या खणात ठेवला आणि त्याचं त्याच्यापुरतं काम संपलं.

नकाशे तेवढे जानरावाला वाचता येत नसत, कारण ते इंग्रजीत असत. तारेवर ठिकठिकाणी स्विच असतात. त्यांची खूण नकाशावर काढलेली असे आणि स्विच एरवी कसा असतो ते सांगणारी दोन इंग्रजी अक्षरं तिच्याशेजारी. ती अक्षरं कशाची हे कळत नसल्यामुळं जानरावाचा रिवाज ठरलेला होता. लाइनवर काम निघालं, की सायकल काढायची आणि दोन्ही बाजूंच्या स्विचपाशी जाऊन, त्याची पाती उचललेली आहे की बसलेली, ते आपल्या डोळ्यांनी बघून यायचं. पाच मैल जा, पाच मैल ये. बाकीचे हसत. जानराव म्हणे, "हसा लेकहो. मले इंग्रजी येत नाई, पन डोये हायेत."

मराठी राज्य होऊन चार वर्षं झाली तेव्हा वरून हुकूम आला, की खालच्या माणसांच्या हातात पडणारे नकाशे मराठीत करा. अकोल्याच्या ऑफिसकडे अकोला आणि अमरावती या दोन्ही जिल्ह्यांचं काम होतं, आणि दोन्हीकडच्या जुन्या कंपन्यांच्या खुणाही वेगळ्या. इथं भरीव गोल म्हणजे खांब, तर तिथं भरीव गोल म्हणजे ट्रान्स्फॉर्मर. तेव्हा ठरलं, की आधी सगळ्या खुणांचा एक तक्ता करायचा. एकेक वस्तू, तिची खूण, तिला नंबर आणि समोर मराठीत अर्थ. बत्तीस खुणा झाल्या. त्या आखायचं आणि अर्थ लिहायचं काम शेषरावाकडे आलं, आणि तपासायचं हेड ड्राफ्ट्समन कमलाकांतरावांकडे.

कमलाकांतराव अमरावतीचे, घराण्यात भिक्षुकी आणि डोक्यात संस्कृत. माणूस सरळ, पण साधा शब्द त्यांना पायात खडा रुतावा तसा रुते. अर्थिंगला त्यांनी 'भूसंयोग' सुचवला, फ्यूजला 'द्रवतार'. शेषराव प्रत्येक शब्दाशी हुज्जत घालत होता. हुज्जत घालायची ती त्याची पहिलीच वेळ. कारण शब्द लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर खात्यातले सगळे लाइनमन नव्हते, एकच होता.

दहा आणि अकरा नंबरला दोघं थांबले. दहा नंबर म्हणजे पाती उचललेला स्विच आणि अकरा नंबर म्हणजे पाती बसलेला. इंग्रजीत एकाला ओपन म्हणत, दुसऱ्याला क्लोज्ड.

"विवृत आणि संवृत," कमलाकांतराव म्हणाले. "किती नेमके शब्द आहेत बघा."

"साहेब, लाइनमन लोक खांबावर चढतात, कीर्तनाला बसत नाहीत."

"मग तुमचं काय?"

"उघडा आणि बंद."

कमलाकांतरावांनी नाक मुरडलं. "बंद म्हणजे फारसी झालं."

"असू द्या साहेब. समजते तरी."

आणि शेषरावानं आपल्या हातानं, काळ्या शाईनं, घोटीव अक्षरात लिहिलं: '११. स्विच बंद.' खाली कमलाकांतरावांनी 'तपासले' म्हणून सही केली.

दोघंही शहाणे होते आणि दोघांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही. आता हे सांगताना जीव तुटतो. घरात आपण दिवा बंद कर म्हणतो तेव्हा वीज जाते. शेषरावही रोज रात्री बायकोला, "दुर्गा, लाइट बंद कर," असंच म्हणत असे. पण नकाशात क्लोज्ड म्हणजे पाती बसलेली, तार सांधलेली, वीज वाहती. दहा वर्षं ती खूण काढून काढून शेषरावाला तिच्यात फाटक दिसू लागलं होतं. फाटकाची फळी जागेवर बसली, फाटक बंद. फळी उचलली, उघडं. कागदावर वीज नसते, त्यामुळं फाटकातून कोण जातं याचा विचार त्याच्या मनात आला नाही. घरातला बंद आणि ऑफिसातला बंद त्याच्या डोक्यात दोन वेगळ्या खोल्यांत राहत होते आणि त्यांची कधी गाठ पडली नाही.

तक्त्याची पहिली प्रत शेषरावानं स्वतः तिवशाला नेली. जानरावानं हात धुतले, धोतराला पुसले आणि मग ती हातात घेतली. त्यानं मैनाबाईला चुलीपासून उठवून समोर बसवलं आणि एकेका खुणेवर बोट ठेवून बत्तीसच्या बत्तीस अर्थ मोठ्यानं वाचून दाखवले. मैनाबाईला अक्षरओळख नव्हती. तरी ती पदर तोंडाला लावून प्रत्येक खुणेला मान हलवत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून शेषरावाला वाटलं, आपल्या मॅट्रिकचं आज चीज झालं.

"अकरा. स्विच बंद," जानरावानं वाचलं आणि वर पाहिलं. "बंद म्हंजे बंद, नाई का?"

"हो," शेषराव हसून म्हणाला, "बंद म्हणजे बंद. तुमच्यासाठीच सोपा शब्द घातला, भाऊजी."

"हे बरं केलं. आता सायकल हानाचं काम नाई."

हे वाक्य शेषरावानं ऐकलं, आणि त्याला आनंद झाला.

पासष्टच्या चैत्रात अकोल्याच्या ऑफिसात तार आली: 'जानराव सीरियस. ताबडतोब निघा.' अशा तारेचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. शेषराव पोचला तेव्हा अमरावतीच्या सरकारी दवाखान्यातून जानरावाला तिवशाला आणून अंगणात ठेवलं होतं. उजवा हात कोपरापर्यंत काळा पडलेला. मैनाबाई रडत नव्हती, भिंतीला टेकून नुसती बसली होती. दुपारी माती झाली.

माती देऊन परतताना जानरावाचा हेल्पर शालिकराम शेषरावाच्या बरोबरीनं चालत होता. तो आपण होऊन बोलू लागला.

"कुऱ्ह्याकळच्या लाइनीवर खांबावरची चिनीमातीची वाटी फुटली होती. भाऊनं तिवशाच्या सबस्टेशनाकून काम कराचं परमिट घेतलं. इकळचा स्विच सोता उचलला. त्या लाइनीले दुसऱ्या बाजूनंबी करंट येऊ शकते, म्हनून मी म्हतलं, भाऊ, सायकल द्या, तिकळचा स्विच पाहून येतो. तर त्यायनं खिशातून लाइनीचा मराठी नकाशा काळला. बोट ठेवून वाचला. म्हने, 'अकरा नंबर. बंद. जाची काई गरज नाई, शालिक. आता आपल्याले वाचता येते.' अन् चढले."

"साखळी नव्हती टाकली?" शेषरावानं विचारलं. काम करण्याआधी तारेवर जमिनीला जोडलेली साखळी टाकतात, म्हणजे चुकून वीज आलीच तर ती माणसातून न जाता साखळीतून जाते.

"साखळी एकच हाय दोन गँगीत. त्या दिवशी दुसऱ्या गँगीनं नेली होती."

पुढं शालिकराम काय काय सांगत राहिला ते शेषरावाला ऐकू आलं नाही. 'बंद' हा शब्द त्याच्या डोक्यात उलटा फिरला आणि घरातला बंद आणि ऑफिसातला बंद समोरासमोर उभे राहिले. तो रस्त्याच्या कडेला बसला आणि भडाभडा ओकला. लोकांना वाटलं, मेहुण्याचा भाऊजींवर फार जीव होता. तोही होताच.

महिन्याभरानं अमरावतीच्या ऑफिसात चौकशी बसली. चौकशीचे साहेब बाहेरून आलेले, गोरेपान, चष्म्यातले, घाईत असलेले. मैनाबाईला मिळायचे ते पैसे नियमाप्रमाणं मिळणारच होते, त्यात कुणाची आडकाठी नव्हती. प्रश्न एवढाच होता, की कागदावर दोष कुणाचा लिहायचा.

शेषरावाला नकाशा आणि तक्ता घेऊन बोलावलं होतं. साहेबांनी इंग्रजी नकाशा एका हाताखाली धरला आणि मराठी दुसऱ्या.

"ओरिजिनलमध्ये क्लोज्ड. इथं बंद. करेक्ट," ते म्हणाले. "नकाशात चूक नाही."

म्हणजे त्यांनाही दिसलं नाही. शेषरावाच्या जिभेवर शब्द आला होता. पण साहेबांनी बरोबर म्हटलेलं चूक ठरवायचं, तेही स्वतःच्या अक्षरावर बोट ठेवून, एवढं बळ त्याच्यात त्या घटकेला नव्हतं.

साहेबांनी जानरावाचे नोकरीचे कागद उलटले. "मयत निरक्षर दिसतो. अंगठा आहे सगळीकडे. त्याला नकाशा समजलाच नसणार."

दाराशी शालिकरामबरोबर उभी असलेली मैनाबाई त्यासरशी आत आली. शिपायानं हात आडवा केला, तो तिनं बाजूला सारला.

"त्याले वाचता येत होतं, साहेब."

"बाई, कागद बघा. अंगठा आहे."

"कागद काई म्हनो. घरी वाचून दाखवे तो मले. पेपर वाचे. तुमचा तक्ताबी त्यानं पुरा वाचला होता." तिनं शेषरावाकडे हात केला. "याले पुसा. माया भाऊ हाय. यानंच शिकवलं त्याले."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय तेलगोटे? वाचता येत होतं का मयताला?"

हो म्हणायचं होतं. एका अक्षराचं काम होतं. पण हो म्हटलं की पुढचा प्रश्न येणार होता, की वाचता येत होतं तर चढला कसा. आणि त्या प्रश्नाचं उत्तर टेबलावर पडलं होतं, अकरा नंबरला, त्याच्या हातच्या काळ्या शाईत. घरची दुर्गाबाई, तिन्ही पोरं आणि बार्शीटाकळीची म्हातारी आई एकदम त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. घाबरलेल्या माणसाला अशा वेळी घर बरोबर आठवतं.

"थोडंफार, साहेब," तो म्हणाला.

साहेबांनी लिहून घेतलं. मैनाबाईनं भावाकडे एकदा पाहिलं. डोक्यावरचा पदर नीट केला आणि शालिकरामच्या मागून निघून गेली. त्यानंतर शेषरावानं तिवशाला पाठवलेली दोन पोस्टकार्डं बिनउत्तराची राहिली. तिला कोण वाचून दाखवणार, अशी त्यानं स्वतःची समजूत घालून पाहिली, पण ती काही पटली नाही.

आषाढात अहवालाचा कच्चा मसुदा अकोल्याला आला. त्याला अपघाताच्या जागेचा नकाशा जोडायचा होता आणि तो ट्रेस करायचं काम रिवाजाप्रमाणं शेषरावाच्या बोर्डावर येऊन पडलं. त्यानं मसुदा वाचला. 'मयत इसमास जेमतेम अक्षरओळख असल्याने त्यास नकाशाचा अर्थ समजला नाही व त्याने स्वतःच्या अज्ञानाने धोका पत्करला.'

तो कापड ताणून कामाला लागला. लाइन आखली, खांब मांडले. मग जिथं जानराव पडला तिथं फुली करायची वेळ आली. फुलीची खूण तक्त्यात नव्हती, म्हणजे तिला नंबर द्यायला हवा होता आणि तिचा अर्थ लिहायला हवा होता. तेहतीस नंबर. शेषरावानं पेनात शाई भरली आणि 'अपघाताची जागा' असं लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं. त्या सुरेखपणाची त्याला किळस आली. जो माणूस आपल्याकडून ख शिकला, त्याला आपण अज्ञानी ठरवून वर त्याच्या मरणाची खूण घोटीव काढतो आहोत.

त्यानं पेनात पुन्हा शाई भरली आणि खुणांच्या रकान्यात अकरा नंबरसमोर लिहिलं: 'स्विच चालू. पूर्वीच्या तक्त्यात येथे बंद हा शब्द चुकीने लिहिला गेला. बंद म्हणजे वीज नाही असा अर्थ कोणीही मराठी माणूस घेईल. मयत जानराव वानखडे यांना वाचता येत होते. त्यांनी बरोबर वाचले. चूक लिहिणाऱ्याची आहे. शे. तेलगोटे, ट्रेसर.'

शाई वाळल्यावर कापड घेऊन तो कमलाकांतरावांच्या टेबलाशी गेला. त्यांनी नेहमीच्या सवयीनं तपासायला सुरुवात केली. रकान्यापाशी त्यांचं बोट थांबलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"तेलगोटे, ब्लेड आणा," ते हळू आवाजात म्हणाले. "अजून कुणी पाहिलं नाही. नवीन तक्ता मी गुपचूप दुरुस्त करून पाठवतो. माणूस काही परत यायचा नाही. तुमची नोकरी कशाला घालवता?"

"नाही साहेब."

"माझी दोन वर्षं राहिलीत पेन्शनीला."

"तुमचं नाव मी लिहिलं नाही साहेब."

"खाली सही माझी आहे. लिहायला कशाला हवं." कमलाकांतराव खिडकीकडे बघत बसले. मग म्हणाले, "मी संवृत म्हणत होतो."

"हो."

"संवृत असतं तर त्याला काही कळलं नसतं."

"हो साहेब. मग तो बघाले गेला असता."

कमलाकांतरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. डोळे पुसले, की घाम, ते शेषरावानं पाहायचं टाळलं. मग त्यांनी टाक उचलला आणि शेषरावाच्या नावाखाली लिहिलं: 'तपासताना माझ्याही ध्यानात आले नाही.' आणि त्याखाली पूर्ण नावानिशी सही केली.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. कमलाकांतरावांना ठपका मिळाला. शेषरावाला ड्रॉइंग ऑफिसातून काढून खात्याच्या गोदामात पाठवलं, तिथं तो वायरची भेंडोळी मोजू लागला. दोन्ही जिल्ह्यांतले जुने तक्ते परत मागवले आणि 'स्विच चालू' लिहिलेले नवे गेले. अहवालातलं ते वाक्य वगळलं गेलं. त्याच्या जागी दुसरं आलं आणि त्याची एक नक्कल मयताच्या वारसाला द्यावी असा शेरा पडला. ती नक्कल शेषरावानं टपालानं जाऊ दिली नाही. मागून घेतली आणि स्वतः निघाला.

मैनाबाई दारात तूर पाखडत होती. भावाला पाहून तिनं सूप खाली ठेवलं, ये म्हणाली नाही आणि जा पण म्हणाली नाही. शेषराव उंबऱ्याशी बसला आणि त्यानं कागद उघडला.

"सरकारचा कागद आहे, बाई. वाचू का?"

त्यानं वाचलं. "मयत जानराव वानखडे यास उत्तम लिहिता-वाचता येत होते. त्याच्याकडून कोणताही हलगर्जीपणा झाला नाही."

"पुन्ना वाच."

त्यानं पुन्हा वाचलं. मैनाबाईनं कागद हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, आणि जिथं त्याचं बोट होतं तिथं आपलं बोट ठेवलं. महिनोन्महिने आवळून धरलेला तिचा चेहरा सैल झाला आणि ती रडू लागली. शेषरावानं तिला रडू दिलं.

"मी म्हनत होती ना," ती डोळे पुसत म्हणाली. "येत होतं त्याले. मंग तवा तू थोडंफार काहून म्हतलं?"

आता सांगणं भाग होतं, आणि त्यासाठीच तो आला होता. त्यानं सगळं सांगितलं. कमलाकांतरावांशी घातलेली हुज्जत, सोपा शब्द, अकरा नंबर, बंद आणि चालू. तिला कळेल अशा बेतानं दोनदा सांगितलं. काही झाकलं नाही, साहेबांसमोर आपण भ्यालो तेही सांगितलं. तिनं शिव्या द्याव्या, सूप फेकून मारावं, या दारात पाय ठेवू नको म्हणावं, अशी तयारी करून तो आला होता. खरं तर त्याची त्याला आसच होती.

तुरीवर चिमण्या उतरल्या तरी मैनाबाईनं हाकलल्या नाहीत.

"म्हंजे त्याले वाचता नसतं येत," ती शेवटी म्हणाली, "तर तो सायकल घेऊन पाहाले गेला असता."

"हो, बाई."

"जित्ता असता."

"हो."

"तुले वाटते, त्यानं सोताहून पाटी आनली होती." तिचा आवाज अगदी खाली गेला. "तो तं नाईच म्हने. म्हने, आता या वयात काय कराचं हाय. मीच त्याच्या मांग लागली होती, शेषा. सहा महिने. जेवाले वाढलं की तेच, निजला की तेच. माया भाऊ शिकला, तू काहून अंगठा लावतं, म्हने मी. पाटीबी मीच इकत आनली होती."

तुझी यात काही चूक नाही, असं शेषरावाला म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आले. पण ते म्हणण्याचा हक्क ज्या एका माणसाला होता तो गेला होता. मैनाबाईनं कागदाची नीट घडी केली, ती मांडीवर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. शेषराव उंबऱ्याशी बसून राहिला. संध्याकाळची मोटार रस्त्यावर भोंगा वाजवून गेली, तरी तो उठला नाही.